परसोंपासूनचं दुखणं

"दुखतंय ना? दुखू दे. त्याशिवाय काय म्हणताय?"

हे विचारण्याआधी बाई पेनाला टोपण लावायच्या. समोरच्यानं आपल्या कळांची, ठणक्यांची आणि चमकांची यादी पहिल्यांदा सांगितली की त्या ती शब्दन् शब्द लिहून घेत. तीच यादी पुन्हा सुरू झाली की टोपण टक्कन लागे, खणातून भाजक्या शेंगांचा डबा बाहेर येई आणि मग हा प्रश्न. शेंगा सोलता सोलता रडगाणं गाता येत नाही. तुम्हीही एकदा करून बघा.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याशिवाय? सहा वर्षं माझ्याकडे त्याशिवाय दुसरं होतंच काय? गॅसचा सिलिंडर उचलताना कमरेत उसण भरली ती तिथंच बिऱ्हाड करून राहिली होती. पट्टे बांधून झाले, फळीवर झोपून झालं, गरम पाण्याच्या चार पिशव्या फुटल्या, सिकंदराबादच्या एका वैद्याच्या तेलानं घरातल्या सगळ्या चादरी पिवळ्या झाल्या. सरकारी कचेरीत मी हेडक्लार्क. तिथं माझ्या खुर्चीवर इतक्या उशा रचलेल्या असत की बदलून आलेल्या नव्या साहेबानं पहिल्या दिवशी मलाच साहेब समजून नमस्कार केला. बरकतपुऱ्यात आमच्या गल्लीत माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. 'कमरवाले साब' म्हटलं की रिक्षावाला बरोबर आमच्या दारात आणून सोडायचा.

तेही एक वेळ चाललं असतं, पण मंजूचं लग्न ठरलं.

मंजू माझी एकुलती एक. मुलगा कम्प्युटर शिकलेला. त्या दिवसांत अशी मुलं अमेरिकेला निघायची ती काचीगुड्याला सिटी बस धरावी इतक्या सहज. याला चार महिन्यांनी जायचं होतं, म्हणून मुहूर्तही चार महिन्यांच्या आतलाच काढला. आणि मला जमिनीवर मांडी घालून बसता येत होतं सात मिनिटं. आठव्या मिनिटाला दोघांनी बगलेत हात घालून उठवावं लागे. कन्यादानाचे विधी पाऊण तासाचे. खुर्चीवर बसलं तर चालेल का, असं आमच्या गुरुजींना मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "चालेल की. मग अग्नीलाही एक स्टूल द्या."

माझे मेहुणे श्रीपादराव, म्हणजे मंजूचे मामा, तिथंच होते. "भावजी, तुम्ही काळजीच करू नका, कन्यादान मी करतो," ते म्हणाले. माणूस मोठा प्रेमळ. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवाकोरा रेशमी कद आणला आणि आम्हाला नेसूनही दाखवला. तो पिवळाधमक कद पाहून मी आतल्या खोलीत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. माझ्या पोरीचा हात दुसराच कोणी देणार होता.

माझ्या हाडांच्या डॉक्टरांनी सगळे एक्स-रे पुन्हा उजेडात धरून पाहिले. "कापण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "नारायणगुड्याला एक व्यायामाचं केंद्र आहे, तिथं एक बाई बसतात. जुनाट दुखण्याच्या लोकांना शिकवतात. सायकॉलॉजिस्ट आहेत." शेवटचा शब्द ऐकून आमच्या हिचं तोंड उतरलं. घरी पोचेपर्यंत गल्लीला बातमी लागली होती. शेजारच्या रेड्डीगारूंनी कुंपणावरून विचारलं, "क्या साब, एर्रागड्डा?" हैदराबादेतलं मनोरुग्णांचं इस्पितळ एर्रागड्ड्याला, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या शहाण्या माणसालाही आपला पत्ता सांगायची चोरी.

बाई सांगलीकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकत्याच हैदराबादेत आलेल्या. पस्तिशीच्या, किडकिडीत अंगाच्या, पण आवाज असा खणखणीत की बाहेर बाकावर बसलेल्यालाही आतला उपदेश फुकटात ऐकू यावा. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है'. "तुमको कैसा वाटता है?" असं त्या बेधडक विचारत, आणि गंमत म्हणजे लोकांना ते बरोबर कळे.

पहिल्याच भेटीत मी त्यांना बजावलं, "माझं दुखणं खरं आहे. मनाचे खेळ नाहीत हे."

"खरंच आहे की," त्या म्हणाल्या. "खोटं दुखणं मी अजून पाहिलेलं नाही. पण काका, त्यानं तुमचं घर, कचेरी, झोप सगळं बळकावलंय. तेवढं आपल्याला परत घ्यायचंय."

सहा वर्षांत हे असं सरळ कबूल करणारं पहिलं माणूस भेटलं होतं. त्यामुळे 'काका' म्हटल्याचा राग मी गिळला. मंजूच्या लग्नाचं सांगितलं. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात 'कन्यादान, पाऊण तास' एवढंच लिहिलं आणि तो कागद भिंतीला लावून टाकला.

त्यांच्या गटात आम्ही तिघं. मी, मान जखडलेले लॉरी ड्रायव्हर चाचा आणि टिफिन सेंटर चालवणाऱ्या, खांदा दुखणाऱ्या एक तेलुगू अम्मा. बाई या गावात किती नव्या आहेत ते चाचांच्या केसपेपरवरून कळलं.

"कबसे दुखता है?" बाईंनी विचारलं.

"परसों से, अम्मा. लॉरी पर से गिरे ना, तब से." चाचा बाईंनाही अम्माच म्हणत.

बाईंनी लिहिलं, दोन दिवस. आणि खूश होऊन म्हणाल्या, "फिर तो कुछ नहीं! एकदम ताजा है. थोडा थोडा हलाते जाव, घाबरना नहीं. पंधरा दिनमें मान फिरेगी."

पुढच्या खेपेला चाचा उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे वळवून दाखवली. "कसम से अम्मा, आज तक कोई डाक्टर ऐसा नहीं बोला."

"बोलेल कसा?" मी बाईंना मराठीत म्हटलं. "अहो, त्यांना पडून अकरा वर्षं झाली."

"परसों म्हणाले की!"

मग मी त्यांना हैदराबाद शिकवलं. इथं परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. गेल्या दिवाळीला भेटलो ते परसों, लग्न झालं ते परसों, निजामाचं राज्य गेलं तेही परसोंच. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग इतक्या हसल्या की अम्मांना उठून त्यांना पाणी द्यावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी चाचांना आपली चूक सांगितली आणि केसपेपर दुरुस्त केला. चाचांनी जरा विचार केला. "अब हल गई तो हल गई, अम्मा. वापस कायकू बंद करना?" असं म्हणून त्यांनी मान पुन्हा एकदा फिरवली.

माझं मात्र इतकं सोपं नव्हतं. बाईंनी मला एक किल्लीचं गजराचं घड्याळ आणायला लावलं आणि पहिला हुकूम सोडला, "रोज दोनदा पाटावर बसायचं. पाच मिनिटं."

"मी सात बसतो!" माझा अपमान झाला होता.

"सातव्या मिनिटाला तुम्हाला दुखणं उठवतं. पाचव्याला घड्याळ उठवेल. यापुढं कोणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा."

बरं वाटलं म्हणून जास्त बसायचं नाही आणि दुखलं म्हणून कमी बसायचं नाही. दर तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण एखाद्या दिवशी अजिबात दुखत नसताना घड्याळ वाजलं म्हणून उठणं किती जड जातं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. अम्मांना रोज ठरलेल्या इडल्यांचं पीठ दळायचं होतं. त्या आल्या की आधी सांगायच्या, "नोप्पी अट्लने उंदी," म्हणजे दुखणं तसंच आहे. मग लगेच, "पण आज डोसापण केला." दुसरं वाक्य ऐकलं की बाई त्यांना शेंगा जास्त द्यायच्या.

दुसरा हुकूम आमच्या हिला होता. "काकू, आजपासून कमर कशी आहे, हे विचारायचं नाही."

"अहो, पण मग विचारू काय?"

"काहीही. भाजी काय करू, विचारा."

ही घरी आली आणि दोन दिवस घरात भाजीपलीकडे कोणी कोणाशी बोललंच नाही. 'कसं आहे?' आणि 'तसंच आहे' यापलीकडे सहा वर्षांत आमच्यात काही बोलणं उरलं नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं. भाजीचं विचारून विचारून एका दिवशी तीनदा दोडका झाला. तिसऱ्या दिवशी पालक निवडताना ही एकदम म्हणाली, "मंजू गेल्यावर या घरात मला करमायचं नाही हो." ही भीती ती कधीपासून मनात घेऊन फिरत होती कोण जाणे. माझी कमर वाटेत बसली होती, तिला सांगायला जागाच मिळाली नव्हती. मी तिच्यासमोर बसून पालक निवडू लागलो आणि मला फार वाईट वाटलं.

दोन महिन्यांत मी पंचवीस मिनिटांवर आलो आणि तिथं गाडी अडली. सव्विसावं मिनिट लागलं की कमरेत सिलिंडर उचलतानाचा तो 'कट्' आवाज ऐकू यायचा आणि माझे हात आपोआप भिंत शोधायचे. दोन आठवडे गेले. लग्नाला सहा आठवडे उरले. श्रीपादरावांनी कद इस्त्रीला दिल्याची बातमी आली. मी बाईंपुढे बसून सिलिंडरची कथा पहिल्यापासून सुरू केली. टोपण लागेल म्हणून वाट पाहत होतो, पण या वेळी बाईंनी भलतंच विचारलं.

"काका, स्कूटर कधी घेतलीत?"

"ती होय, परसों."

"हेडक्लार्क कधी झालात?"

"परसोंच की."

"मंजू शाळेत पहिली आली होती म्हणता, ते कधी?"

"ते पण असंच, परसों."

"आणि उसण कधी भरली?"

"मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. सिलिंडरवाल्यानं निळा शर्ट घातला होता."

बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. हिनं मान खाली घातली. चाचा खिडकीबाहेर बघू लागले.

"तुमच्या गावात सगळं परसोंमध्ये मावतं," बाई म्हणाल्या. "निजामसुद्धा मावला म्हणता. मग हा एक सिलिंडर तेवढा बाहेर का ठेवलाय?"

मी भडकलो. "तुम्हाला दुखलं असतं म्हणजे कळलं असतं!" असं ओरडून मी तिथून जो निघालो तो रागाच्या भरात, मनातल्या मनात बाईंना शिव्या देत, थेट आमच्या फाटकापाशी येऊन थांबलो. रेड्डीगारूंनी विचारलं, "रिक्षा किधर साब?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की नारायणगुड्याहून बरकतपुऱ्यापर्यंत मी पायी आलो होतो.

त्यानंतर दोन दिवस अंथरुणावर काढले ते वेगळं. पण पडल्या पडल्या मी एक खटाटोप केला. गेल्या सहा वर्षांतलं मंजूचं काय काय तारीखवार आठवतं ते पाहू लागलो. ती बी.एस्सी. झाली त्या दिवशी मी कुठं होतो? पडून होतो. तिनं कम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं, पहिल्यांदा साडी नेसून आली, कसल्याशा स्पर्धेचा कप आणला, त्या दिवशी तिनं काय सांगितलं होतं? काही आठवेना. निळा शर्ट मात्र बटणांसकट आठवत होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि हे मी कोणापुढेही कबूल करीन.

शुक्रवारी बाईंची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "माफी कसली? दोन गोष्टी कळल्या. एक, तुम्ही चालू शकता. दुसरी, रागाच्या भरात चालू नये. बसा, शेंगा घ्या. आज तुमच्या घरचं लग्न लावायचंय."

असं म्हणून त्यांनी व्यायामाच्या सतरंजीवर पाट मांडायला लावले. तुम्ही ते लग्न पाहायला हवं होतं. वधू बाई स्वतः, डोक्यावर केंद्राचा टॉवेल घेतलेल्या. वर चाचा, मान शक्य तितकी ताठ. पुरोहित अम्मा, कारण त्यांना तेलुगू लग्नातले दोन मंत्र येत होते. ते संपले की त्या इडलीच्या पिठाचं प्रमाण त्याच चालीवर म्हणत. मी वधूपिता. हिनं तांब्यातून माझ्या ओंजळीत पाण्याची धार धरायची. पहिल्या दिवशी धार पडल्याबरोबर चाचा जोरात म्हणाले, "कबूल है, कबूल है, कबूल है!" हसून हसून माझ्या ओंजळीतलं सगळं पाणी सांडलं, आणि घड्याळ वाजलं तेव्हा तीस मिनिटं झाली होती. सव्विसावं केव्हा येऊन गेलं ते मला समजलं नाही.

मग रोज लग्न. पुढं वाकून ओंजळ धरायची तेव्हा कमरेत सणक यायची. बाई टॉवेलाखालून विचारायच्या, "आली?" मी म्हणायचो, "आली." "बरं. तिलाही पाटावर जागा द्या. आता मंत्र कुठला चाललाय?" असं करत चाळीस मिनिटं गाठली. मुहूर्ताच्या चार दिवस आधी मी श्रीपादरावांना सांगितलं की कद ठेवा, पण बसणार मी आहे. बिचाऱ्यांनी मला मिठी मारली, तीसुद्धा कमरेला धक्का लागणार नाही अशी.

आता बाई हैदराबादेत नाहीत. मंजूच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्या गेल्या. केंद्रात पुढं चकचकीत यंत्रं आली, गारेगार एसी आला, पण बाईंच्या खोलीत कोणी आलं नाही. तिथं आता वजनकाटा आहे. माझी कमर अजूनही दुखते. पण गल्लीतली नवी बिऱ्हाडं मला नावानं ओळखतात. कधी चाचा भेटले की आम्ही बाईंची हिंदी बोलून बघतो, आणि दोघांनाही त्यांची आठवण येऊन चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

पण मला बाई दिसतात त्या लग्नातल्या. काचीगुड्याजवळचा फंक्शन हॉल, तिसरी रांग, चाचा आणि अम्मांच्या मधली खुर्ची. मी पाटावर बसलो होतो. आमचे खरे गुरुजी खऱ्या मंत्रांत काही कसर ठेवणारे नव्हते. चाळीस मिनिटं उलटली, पंचेचाळीस झाली, विधी संपेनात. सणक आली ती जायला तयार नव्हती. मग गुरुजी म्हणाले, "हं, ओंजळ पुढं करा," मी वाकलो, मंजूची ओंजळ माझ्या ओंजळीखाली आली, हिनं झारी उचलली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

श्रीपादराव कद सावरत धावले. "खुर्ची आणा! भावजींना खुर्ची आणा रे!" दोघं-तिघं खुर्च्या घेऊन पळत सुटले. "कमर भरली, कमर भरली," अशी मागं कुजबुज झाली.

"खुर्ची नको!" मी ओरडलो. माईक जवळ होता ते मला ठाऊक नव्हतं. "कमरेसाठी नाही रडत मी! पोरगी चाललीय माझी!"

जो तो माझ्याकडे पाहत होता, माझ्या पाठीकडे पाहत होता. मी सवयीनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं, बाईंचा काय हुकूम येतो म्हणून. बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. पदर तोंडाशी धरून त्या एकटक मंजूकडे बघत होत्या. म्हणून मीही तिकडे पाहिलं. मंजूच्या मुंडावळ्या हलत होत्या, नाक लाल झालं होतं आणि ती रडता रडता माझ्याकडे बघून हसत होती.